डावखुरी गाडी

आमची गाडी डावखुरी होती, म्हणजे तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला होतं. आपल्याकडच्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याला समोरून येणारं दिसतं. आमच्या गाडीत तो नालीच्या कडेला बसायचा. पुढं एखादा ट्रॅक्टर किंवा ट्रक असला की त्याला पलीकडचा रस्ता दिसत नसे. म्हणून उजव्या सीटवर बघणारा माणूस लागायचा. ती सीट सहा वर्षं माझी होती.

गाडी अमेरिकेची होती. मोठ्या लढाईच्या वेळी जहाजातून आली आणि लढाई संपल्यावर इथंच राहिली. पुढं मिल्ट्रीनं ती लिलावात काढली, एका ठेकेदारानं घेतली, तिनं धरणाच्या कामावर सिमेंट आणि माणसं वाहिली, मग आणखी दोन हात बदलून ती आमच्या मालकांकडे आली. मालक म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची पद्धत आमच्यात नाही आणि मला तशी हौसही नाही. त्या वेळी आमचा जिल्हा परभणी होता. हिंगोली जिल्हा झाला तोवर गाडी आमच्या अंगणात जुनी झाली होती. तशी ती आली तेव्हाच जुनी होती.

आमचं गाव साखऱ्याजवळ. जमीन कोरडवाहू, मेंढ्या आणि शेळ्या घरच्या. गावोगावची मेंढरं गाडीत घालून हिंगोलीच्या बाजाराला न्यायची, असा मालकांचा धंदा. पूर्वी लोक मेंढरं चालवत न्यायचे, दोन दिवस मोडायचे. गाडीनं सकाळी निघून दुपारी घरी. मागच्या हौद्यात अठरा-वीस मेंढरं उभी राहायची. मूळचं पेट्रोलचं इंजिन कुणीतरी कधीच काढून टाकलं होतं आणि डिझेलचं बसवलं होतं. वरचं टपही मूळचं नव्हतं. पत्रा, सागाच्या पट्ट्या आणि ताडपत्री यांचं ते केलेलं होतं. मूळचं काय उरलं होतं, तर साटा म्हणजे खालचा सांगाडा, चाकं आणि ते डावं स्टेअरिंग.

मागच्या फळीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं, ते पुसत आलं होतं. मालकांनी सेनगावच्या पेंटरला सांगितलं, की गाडी डाव्या बाजूनं चालवतात असं मराठीत लिही. त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गाडी डावखुरी आहे’. मी चौथी शिकलेली आहे, मला वाचून हसू आलं. मालकांना राग आला, पण पेंटर म्हणाला, "बराबर तर हाये. मानसाला म्हंतो तसं गाडीला म्हणलं." ते तसंच राहिलं आणि गाडीला तेच नाव पडलं.

तिचं सगळंच उलटं होतं. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे होते. आपल्याला हे माहीत नव्हतं. पहिल्यांदा डावं चाक पंक्चर झालं तेव्हा मालक आणि गावातले दोन गडी पान्यावर उभे राहून नाचले. नट सैल व्हायचा सोडून आणखी आवळत गेला आणि बोल्टच तुटला. मग दुसऱ्यावर नाचले, तोही तुटला. तीन तुटल्यावर कुणीतरी म्हणालं, मिस्त्रीला विचारा.

मिस्त्री वारंगा फाट्याला होता. हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं शेड आणि मागं मोठं रिकामं आवार. त्याचे आजोबा निजामाच्या काळात मोटारी दुरुस्त करायचे, बापही तेच करायचा. त्या आवारात सगळ्या जगातली मोडकी वाहनं गोळा झाली होती. लांब नाकाचा विलायती ट्रक, मिल्ट्रीतून निघालेली बिनटपाची जपानी वन-टन, रशियाचा ट्रॅक्टर, जर्मन लोकांनी काढलेला तीन चाकांचा टेम्पो. काहींच्या आत गवत वाढलं होतं, एकीत कुत्री व्यालेली होती. मिस्त्री त्यांच्यातून फिरताना सासरवाडीच्या माणसांची ओळख करून द्यावी तसं सांगायचा.

"भाभी, ये विलायती. थंडीत गरम पानी पिलाये बगैर उठता नै. ये जपानी, कम खाता, कम बोलता. रशियावाला खेत में बैल और रोड पे भैंस. और तुम्हारी ये अमेरिकावाली," असं म्हणून तो आमच्या गाडीच्या बोनेटवर हात मारायचा, "इसको अकल नै, ताकद है."

उलट्या आट्यांचं त्यानंच सांगितलं. म्हणाला, चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून त्यांनी डावीकडे उलटे आटे ठेवले. मला ते पटलं. मालकांना पटलं नाही. ते म्हणाले, मग आपल्या लोकांच्या गाड्यांचे नट सुटतात काय. मिस्त्री म्हणाला, "सुटतात की."

उजव्या सीटवर आधी माझा दीर बसायचा. वर्षभर बसला आणि मग पुण्याकडे कामाला गेला. मालक म्हणाले, "आता तूच बस." दोघी मुली लग्न होऊन गेल्या होत्या, घरी खोळंबणारं कुणी नव्हतं. मी बसले.

काम सोपं वाटतं, पण सोपं नाही. पुढं गाडी आली की मी बाहेर मान काढून पलीकडचा रस्ता बघायचा. समोरून काही येत असलं तर म्हणायचं "हाये". धोका असला तर "थांबा". रस्ता मोकळा असला की ओव्हरटेक करायला सांगायचं. दीर ट्रकच्या क्लिनरसारखं "जान दो, जान दो" असं ओरडायचा आणि दारावर थाप मारायचा. मला तसं ओरडायची लाज वाटली. डोक्यावर पदर घेतलेली बाई, ती काय क्लिनर आहे? म्हणून मी साधं "जाऊ द्या" म्हणायचे. मालक तेवढ्यावर गाडी बाहेर काढायचे. माझ्या शब्दावर त्यांचा पक्का भरवसा होता. घरात माझं एक ऐकत नसत, पण रस्त्यावर मला एकच शब्द दुसऱ्यांदा बोलायची गरज पडली नाही.

लोकांना वाटायचं मीच गाडी चालवते. उजवीकडे बसलेली बाई दिसली की पोरं गाडीमागं धावायची. पुसेगावात म्हाताऱ्या ओट्यावरून उठून बघायच्या. एकदा हिंगोलीच्या नाक्यावर पोलिसानं गाडी अडवली आणि सरळ माझ्या बाजूला आला.

"लायसन दाखवा बाई."

"माझ्यापुढं स्टेरिंग हाये का बघा आधी."

त्यानं आत डोकावून बघितलं. मग गाडीला वळसा घालून मालकांकडे गेला. त्यांचं लायसन बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग तुमी काहून बसल्या पुढं?"

"मागं मेंढरं हायेत," मी म्हणाले.

तो हसला आणि त्यानं सोडलं. ही गंमत मी पुष्कळ वेळा सांगितली आहे. पण त्या दिवशी मी किती भ्याले होते हे सांगितलेलं नाही. कारण तोवर मालकांचा उजवा डोळा गेला होता.

ते मला असं कळलं. एका सकाळी त्यांनी उजव्या हाताशी ठेवलेला चहा सांडला. माणसाच्या हातून सांडतो. दुसऱ्या दिवशी परत सांडला. मग ते दाराच्या उजव्या चौकटीला खांदा धडकवू लागले. ते जेवायला बसले तेव्हा मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि पळी वर धरून हलवली. त्यांनी मान वळवली नाही. घास मोडत राहिले. मी डावीकडे जाऊन हलवली, तर लगेच म्हणाले, "काय करून राहिलीस?"

"कवापासून?"

"काय कवापासून?"

"ह्या बाजूचं दिसत न्हाई ते."

"मीठ दे," असं म्हणाले.

नांदेडला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. उजवा गेलेला आहे, तो परत येणार नाही, डाव्यात रोज थेंब टाका म्हणजे तो राहील, आणि गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. एवढं सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली. बसनं परत येताना मालक अर्ध्या वाटेपर्यंत खिडकीबाहेर रस्ता बघत होते. मग म्हणाले, "डॉक्टरला आपली गाडी म्हाईत न्हाई."

"म्हंजी?"

"दुसऱ्या गाडीत उजवा डोळा लागतो. आपल्या गाडीत उजवीकडचं तसंही तूच बघतीस. मला डावा पुरतो."

ऐकायला बरोबर वाटत होतं. मी तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं, पण म्हटलं नाही. हा माणूस गाडी सोडून घरी बसला तर सगळ्या गावाला आणि मला सळो की पळो करील, हे मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ती सीट आवडत होती. आमच्याकडं बाईला कुणी रस्त्यानं ओळखत नाही. मला साखऱ्यापासून वारंग्यापर्यंत ओळखत होते.

तर आम्ही ते लपवलं. कुणालाच सांगितलं नाही, मुलींनासुद्धा नाही. कुणी विचारलंच तर मी म्हणायचे, मालकांची नजर घारीची आहे. थेंबांची बाटली पिठाच्या डब्यात ठेवायचे. आणि दोन वर्षं गाडी चालली.

त्या दोन वर्षांत मी रस्त्यावरून नजर काढली नाही. आधी फक्त ओव्हरटेकच्या वेळी बघायचं असायचं, आता उजवीकडचं सगळंच माझ्याकडे आलं. उजवीकडून येणारी पायवाट, उजवीकडची शाळा, उजवीकडची म्हैस. मला झोपेत घाम यायचा. एकच भीती होती, की कुणाचं लेकरू उजवीकडून रस्त्यात येईल आणि त्याच वेळी मी शिंकत असेन. शिंक आली तर मी डोळे उघडे ठेवायला बघायचे. करून बघा, जमत नाही. माझी मान अशी धरली की डावीकडे वळायचीच नाही. देवळातही मी उजवीकडेच बघत उभी राहायचे. मालक मात्र खुशीत होते.

मग दूधवाला पडला. सकाळची वेळ होती, सायकलला दोन्ही बाजूंना कॅन लावलेला माणूस उजवीकडच्या बोळातून निघाला. मी मागं वळून बघत होते, कारण एक मेंढी कठड्यावर पाय देऊन चढत होती. मी पुढं बघितलं तेव्हा तो गाडीपुढं आडवा आला होता. "थांबा," असं मी म्हणाले, गाडी थांबली, धक्का लागला नाही. तो घाबरून स्वतःच पडला होता. दूध रस्त्यावर सांडलं. वर तोच मालकांना म्हणाला, "माफ करा काका, मीच बगितलं न्हाई." मालक म्हणाले, "बघत जाय बाबा."

त्या दिवशी मी ठरवलं, की गाडी गेली पाहिजे. कुणी मेल्यावर जाणार, त्यापेक्षा आधी जावी. आठ दिवस मी रोज सांगितलं, रोज भांडण झालं. चौघांत डोळ्याचं सांगितलं असतं तर एका दिवसात गाडी सुटली असती. मिस्त्रीनंच चावी काढून घेतली असती. पण मग मालकांना आयुष्यभर लोकांपुढं मान खाली घालावी लागली असती, आणि ती मी घालायला लावली असती. ते मला नको होतं. त्यांनी आपणहून सोडावी आणि तेही कुणी मरायच्या आधी, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या बाजाराला आम्ही निघालो. हिवाळा होता, उसाचे दिवस. मागं सतरा मेंढरं. हिंगोलीच्या अलीकडे पुढं उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ट्रॅक्टर रांगत होता. त्याच्या मागं आम्ही, आणि आमचं भांडण.

"ह्या बाजारानंतर गाडी मिस्त्रीला देऊन टाका," मी म्हणाले.

"आन मी काय करू? मेंढरामागं फिरू?"

"फिरा. तुमचे वडील फिरत व्हते."

"माझ्या वडलाला दोन डोळे व्हते."

"म्हणूनच म्हणून राहिले."

"काहून पाठी लागलीस? दोन वर्सं झाले, एक कोंबडी तरी मेली का?"

"त्या दूधवाल्याला इचारा."

"त्यो त्याच्या चुकीनं पडला."

"त्याला तसं वाटलं. तुमी वाटू दिलं."

त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "तू नीट बगत बसली असतीस तर पडला नसता. मेंढ्या मोजून राहिली व्हतीस."

हे खरं होतं म्हणून मला लागलं. दोन वर्षं मान मोडून बघितलं, त्यातली ती एक वेळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, मला राग आला आणि कंटाळा आला. मी मांडीकडे बघितलं. घरी भांडण संपवायचा माझा जो शब्द आहे, लग्न झाल्यापासून जो मी दिवसातून दोनदा म्हणत आले, तोच म्हणाले.

"जाऊ द्या."

त्यांनी गाडी बाहेर काढली.

मी वर बघितलं तेव्हा आम्ही उसाच्या दुसऱ्या ट्रॉलीशेजारी होतो आणि समोरून काळी-पिवळी जीप येत होती. मागं, टपावर, फूटबोर्डवर माणसंच माणसं. ड्रायव्हरचं तोंड उघडं दिसत होतं. मी "थांबा" म्हणाले का किंचाळले, आठवत नाही. मालकांनी ब्रेकवर उभं राहून गाडी दाबली. ती आडवी होऊन थांबली. मेंढरं सगळी पुढच्या फळीवर येऊन आदळली. जीप रस्ता सोडून तुरीच्या शेतात गेली, तूर मोडत वीस-पंचवीस पावलं गेली आणि उभी राहिली. ट्रॅक्टरवाला पुढं जाऊन थांबला.

माणसं उतरू लागली. मी बसल्या जागेवरून मोजत होते. टपावरचे तिघे उड्या मारून उतरले. एक म्हातारा धोतर झटकत उतरला. मग एक बाळंतीण उतरली, तिच्या सासूनं तिचा दंड धरला होता आणि सासूच्या दुसऱ्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू होतं. लेकरू मोठ्यानं रडून राहिलं होतं. कुणाचं लेकरू रडताना ऐकून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. कुणाला काही झालं नव्हतं. एकाच्या कोपराला खरचटलं, एकीची बांगडी फुटली. तेवढंच.

जीपचा ड्रायव्हर मिशीवाला, चाळिशीचा माणूस. तो तरातरा आला तो सरळ माझ्या बाजूला.

"डोळे हायेत का बटनं लावले? कुनी दिलं गं तुला लायसन? घरी भाकरी थाप. बायामानसानं स्टेरिंग धरलं की असंच व्हनार."

मागून आणखी दोघं-तिघं आले. "बाई चालवून राहिली व्हती," असं एकानं दुसऱ्याला सांगितलं. मी तोंड उघडलं असतं तर खोटं तरी बोलले असते, नाहीतर मालकांची अब्रू गेली असती. गप्प राहिले तर चूक माझ्या डोक्यावर येत होती, आणि माझी चूक होतीच. मला वाटलं, येऊ दे. चार शिव्या खाईन, गाडी सरळ होईल, आम्ही बाजाराला जाऊ, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा इथूनच जाऊ.

मालक डावीकडून उतरले. बोनेटला हात लावत पुढून वळसा घालून आले.

"तिला बोलू नका. तिच्यापुढं स्टेरिंगच न्हाई. गाडी मी चालवत व्हतो."

ड्रायव्हरनं आत बघितलं. मग मालकांकडे बघितलं. "मग तुमाला दिसलो न्हाई का काका आमी? एवढी जीप?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"ह्या डोळ्यानं दिसत न्हाई मला. दोन वर्सं झाले. तिनं बघायचं आन मी चालवायचं, असं करून राहिलो व्हतो."

हे ते सगळ्यांसमोर म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं, कुणी पकडलं नव्हतं. माझ्या अंगातून दोन वर्षांचं ओझं तिथंच उतरलं. मला वाटलं आता कुणी मारायला आलं तरी चालेल.

धोतरवाला म्हातारा म्हणाला, "आन आज तिनं बगितलं न्हाई का?"

"ती जाऊ द्या म्हणाली," मालक म्हणाले. "म्हणून मी काढली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, "म्हणल्या का बाई?"

"म्हणाले. भांडण जाऊ द्या म्हणाले. गाडी न्हाई."

आधी बाळंतिणीची सासू हसली. लेकराला थोपटत म्हणाली, "आवं माय, ह्या शब्दावर जर गाड्या निघाल्या तर आमच्या घरातून दिवसाला धा निघतील." मग म्हातारा हसला. टपावरचे तिघे हसले. ड्रायव्हर हसला नाही, पण त्याला रागही धरता येईना. तो मिशीवर हात फिरवत म्हणाला, "काका, दुसरा शब्द ठेवायचा व्हता की. आमचे क्लिनर जान दो म्हंतात."

तो बरोबर बोलत होता. लाज वाटली नसती तर मीही पहिल्यापासून तेच म्हणाले असते, आणि जीप सरळ निघून गेली असती. पण मग मालकांनी ते सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं नसतं.

जीप तुरीत रुतली होती. माणसांनी ढकलली, हलेना. मालक म्हणाले, "आमच्या गाडीनं ओढा. चारी चाकं ओढतात तिची. पण मी बसनार न्हाई." आणि चावी त्यांनी जीपवाल्याच्या हातात दिली. तो डावीकडे चढून बसला आणि त्याचा हात गिअर शोधायला डावीकडे गेला, तो दाराला लागला. दोनदा लागला. लोक पुन्हा हसले. मला म्हणाला, "बाई, तुमी उतरू नका. मला इकडून काईच दिसत न्हाई." मी उतरले नाही. साखळी लावली, गाडीनं जीप अशी बाहेर काढली जसा चिखलातून मुळा उपटावा. मिस्त्री म्हणायचा ते खोटं नव्हतं.

शेताचा मालक आला, बोलला, मोडलेली तूर बघितली, लेकरू बघितलं आणि माघारी गेला. आमची गाडी जीपवाल्यानं बाभळीखाली लावून दिली. मालकांनी मेंढरं खाली उतरवली. एकही लंगडत नव्हतं. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, आता बाजाराला कसं जाणार. मालक म्हणाले, "चालत."

वारंग्याहून मिस्त्री दुसऱ्या दिवशी येऊन गाडी घेऊन गेला. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत म्हणाला, "भाभी, मुझे शक था. गाडीचे सगळे घासे उजव्या बाजूला. डावी बाजू कोरी. मी म्हणलं तुमाला तकलीफ नको, तुमाला म्हाईत नसंल." म्हणजे तो आमच्यापासून लपवत होता आणि आम्ही त्याच्यापासून. मी त्याला म्हणाले, तू बोलला असतास तर एक वर्ष आधी सुटले असते. तो म्हणाला, तुम्ही बोलला असता तर दोन. गाडी त्यानं ठेवून घेतली. मागचा हौदा काढून तिथं गाड्या उचलायचा लोखंडी घोडा आणि साखळी बसवली, आणि हायवेवर पलटी झालेले ट्रक ओढायला वापरली. उजव्या सीटवर तो स्वतःच्या जावयाला बसवायचा. अजून असेल तिथं, किंवा भंगारात गेली असेल. मी जाऊन बघितलेलं नाही.

त्या दिवशीचं राहिलं. मेंढरं घेऊन आम्ही रस्त्याच्या कडेनं चाललो. मालक पुढं, मी मागं. त्यांना मेंढरामागं चालायची लाज वाटते असं मी समजत होते, पण ते तोंडानं आवाज काढत, काठी आडवी धरत झपाझप चालले होते, जसे लग्नानंतर पहिल्या वर्षी चालायचे. गाड्या आमच्या शेजारून जात होत्या. त्या चालवणाऱ्यांचे डोळे धड होते की नव्हते, ते त्यांचं ते बघतील. बाजारात पोचलो तेव्हा गर्दी ओसरली होती. चार मेंढ्या राहिल्या, त्या ओळखीच्या माणसाकडे बांधल्या. भजी खाल्ली, चहा घेतला. मालकांनी कप डाव्या हाताशी ठेवला.

संध्याकाळच्या आत सेनगावची बस मिळाली. मालक म्हणाले, "खिडकीजवळ बस." मी म्हणाले, "मला काही बघायचं न्हाई." ते खिडकीजवळ बसले. बस निघाली. ड्रायव्हरनं एका ट्रकला मागं टाकलं, दुसऱ्याला टाकलं, तेवढं मला आठवतं. नंतर माझं डोकं पुढच्या दांडीवर टेकलं. सेनगाव आलं तेव्हा कंडक्टर दांडीवर नाणं वाजवून म्हणाला, "मावशी, उठा, गाडी हितंच ऱ्हाती." मी इकडंतिकडं बघितलं. बस रिकामी झाली होती. मालक पिशवी घेऊन उभे होते.

"झोपली व्हतीस," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले, आणि उतरले.